साहेबाच्या दुकानातली छत्री

मला आजवर एकाच दुकानदाराने हरवलं आहे, आणि तो दुकानदार अस्तित्वात नाही.

वीसेक वर्षं झाली, माझा राग काही गेलेला नाही. बायको म्हणते, "अहो, सोडा आता, चित्रातला माणूस तो!" कसा सोडू? नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ माझं छत्र्या आणि ताडपत्र्यांचं दुकान. हातगाडीवरून सुरुवात केली, मग गाळा घेतला, मग गाळ्यावर घर बांधलं. सगळं जिभेच्या जोरावर! (लग्नात मी भटजींशी दक्षिणेवरून घासाघीस केली होती, तीही मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत.)

त्या सुमारास घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते. मुलगी विद्या बारावी झाली, म्हणून मीही एक घ्यायला गेलो. विक्रेत्याला दोन तास पिळला. किंमत उतरवली, वर स्पीकर आणि प्लास्टिकचं कव्हर उकळलं. उठता उठता म्हटलं, "आणखी काहीतरी टाका हो!" त्याने वैतागून ड्रॉवरमधली एक सीडी माझ्या पिशवीत टाकली. म्हणजे हे संकट मी स्वतःच्या तोंडाने मागून आणलं, आणि फुकट मिळालं म्हणून घरी येईपर्यंत खूश होतो!

विद्याला पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जायचं होतं. माझं म्हणणं, नाशिकमध्येच बी.कॉम. करावं आणि गल्ल्यावर बसावं. (खरं कारण वेगळं होतं. ती गेली की माझ्याशी वाद घालायला घरात कुणी उरणार नव्हतं. पण असली कारणं सौद्यात उघड करायची नसतात.)

एका रविवारी दुपारी वाद पेटला.

"ह्या डब्यातून व्यवहार शिकता येतो का?" मी ओरडलो.

"पप्पा, त्या सीडीत एक गेम आहे. इंग्लंडचा, विनोदी. जेमतेम वीस मिनिटांचा. त्यात दुकानात जाऊन एक छत्री विकत घ्यायची, बस्स."

"छत्री? मी?" मला हसूच आलं. "दिवेलागणीच्या आत पाटीवरच्या किमतीपेक्षा कमीत घेऊन दाखवतो. नाही जमलं तर खुशाल पुण्याला जा!"

"आणि जमलं तर?"

"तर बी.कॉम., आणि गल्ला!"

"लिहून द्या," विद्या म्हणाली. पोरगी शेवटी माझीच! मी बिलबुकाचा कागद फाडून लिहून दिलं.

गेम सुरू झाला. एक लंडनचा साहेब, डोक्यावर गोल टोपी, आणि अख्ख्या रस्त्यावर पाऊस फक्त त्याच्या एकट्यावर! शेजारून जाणारी माणसं त्याला वाकून नमस्कार करत होती आणि पावसाबद्दल अवाक्षर काढत नव्हती. मी पोट धरून हसलो. साहेब दुकानात शिरला. दुकान रिकामं. दाराशी एक दोरी बांधलेली आणि एक पाटी. काउंटरमागे मिशीवाला दुकानदार, त्याच्या शेजारी टाय बांधलेली एक मेंढी.

"ही कोण?"

"मॅनेजर," विद्याने वाचून सांगितलं.

छत्रीवर पाटी होती पाच पौंडांची. मी 'दोन' म्हणण्याचं बटण दाबलं. दुकानदाराने कमरेत वाकून माफी मागितली, मेंढीच्या कानात काहीतरी सांगितलं. मेंढीने मान हलवली. किंमत सात झाली!

"अरे, माफी मागतोस आणि भाव वाढवतोस?"

मी तीन म्हणालो. पुन्हा माफी, सोबत चहाचा कप, किंमत अकरा. खरं सांगतो, मला त्याचं कौतुक वाटायला लागलं. मी एवढी वर्षं गिऱ्हाइकावर खेकसून धंदा करतोय, आणि हा माणूस पाया पडल्यासारखा वाकून खिसा कापतोय! मी शेजारी वही घेतली आणि त्याची दोन वाक्यं उतरवून ठेवली.

तेवढ्यात सिन्नरहून माझा मेहुणा बाळू आला. "दाजी, लय भारी हाय की हे! काय चाललंय?"

"छत्री घेतोय."

"आपल्या दुकानात काय कमी पडल्या?"

त्याला गप्प बसवून मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. निघून जायचं! जगातला कुठलाही दुकानदार गिऱ्हाईक पायरी उतरलं की हाक मारतो. मी साहेबाला दाराबाहेर काढला. आणि दुकानदाराने रुमाल काढून डोळे पुसले, हात हलवून निरोप दिला आणि दारावर पाटी लावली. विद्याने वाचली, "दुःखामुळे दुकान बंद."

बाळू खुर्चीवरून खाली पडायचा बाकी होता. हसू मलाही येत होतं, पण मी ते दातांखाली धरलं. दुकान पुन्हा उघडायला मेंढीची लेखी क्षमा मागावी लागली.

"दाजी, त्या मेंढीलाच पटवा!" बाळू म्हणाला. आम्ही मेंढीला गवत दिलं. ती अपमानित होऊन कोट घालून निघून गेली. किंमत चारशे पौंड झाली, शिवाय साहेबाची पँट!

मग माझा तोल गेला. खुर्चीवर उभा राहून मी गरजलो, "अरे चोरा, एका छत्रीचे चारशे? लुटायला बसलायस का?"

जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. खाली गल्ल्यावर बसलेली सुमन, म्हणजे आमची बायको, दारात उभी. "अहो! दोन बायका छत्र्या बघत होत्या. वरून आवाज आला, 'एका छत्रीचे चारशे.' हातातल्या टाकून पळाल्या ना! कोण लुटतंय?"

"मेंढी," बाळू म्हणाला.

बाहेर दिवे लागले. मी घाम पुसत माउस सोडला. विद्याने गेम पहिल्यापासून लावला, साहेबाला दोरीपाशी उभं केलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"हे काय?"

"रांगेत उभी आहे. पाटीवर लिहिलंय, रांगेत उभे राहा."

ती पाटी मी पहिल्याच मिनिटाला पाहिली होती. पण रिकाम्या दुकानात रांग? आमच्याकडे भरलेल्या दुकानातसुद्धा नसते!

"अगं, रांगेत दुसरं आहे कोण?"

"कुणीच नाही."

"मग?"

"मग पुढचा नंबर आपलाच."

एक मिनिट गेलं. माझा हात आपोआप माउसवर गेला. दुकानदाराने माफी मागून साहेबाला रांगेच्या शेवटी पाठवला. (रांगेत साहेब एकटाच होता, तरीही!) मग बाळूने माझा एक हात धरला, सुमनने दुसरा. पाच मिनिटं चौघंजण श्वास रोखून पडद्याकडे बघत बसलो. शेवटी दुकानदार वाकला, म्हणाला, "पुढचे कोण?" आणि इतका सभ्य ग्राहक पाहून त्याचे डोळे भरून आले. छत्री फुकट!

साहेब ऐटीत छत्री उघडून बाहेर पडला. आणि लख्ख ऊन पडलं. गेम संपला.

"ऊन? परत कर ती छत्री!" मी ओरडलो. विद्याने मागे नेऊन दाखवलं. दारावर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तीच पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवून खाली टांगली आहे.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "विद्ये, तू हा गेम आधी खेळली होतीस!"

"तीन दिवसांपूर्वी. पप्पा, तुम्हीच सांगता ना, माल तपासल्याशिवाय सौदा करू नये?"

मी रागाने लाल झालो. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, छाती फुगली. पोरगी कुठेही गेली तरी तिला कुणी लुटणार नव्हतं. कागद बिलबुकाचा होता, सही माझी होती. पुणे ठरलं.

कॉलेजच्या खिडकीपुढे विद्यासोबत मी तीन तास रांगेत उभा होतो. तोंड बंद, हात खिशात. आमचा नंबर आला. कारकुनाने फी सांगितली आणि माझी जीभ घसरली, "शेवटचं किती?"

त्याने चष्मा काढला. "सॉरी काका. मागे जाऊन परत रांगेत या."

प्रवेश होऊन बाहेर आलो तर पाऊस कोसळत होता. छत्र्यांच्या दुकानाचा मालक, आणि छत्री नाशिकला! फाटकाशी एक छत्रीवाला उभा होता. त्याने किंमत सांगितली, मी आयुष्यात पहिल्यांदा अवाक्षर न काढता पैसे मोजले आणि छत्री उघडली. दहा पावलं गेलो असेन, लख्ख ऊन पडलं.

विद्या हसून हसून रस्त्यातच थांबली. मी मात्र आधी आजूबाजूला नीट पाहून घेतलं, कुठे टाय बांधलेली मेंढी दिसते का ते.