उपकरण बरोबर होते

थंडीत स्वेटर काढताना नातीचे केस चटचट वाजले. तिने खिडकीच्या गजाला हात लावला, बारीक चटका बसला आणि ती हसत सुटली. जमिनीवर हे बरे असते. साचलेले कुठेतरी उतरून जाते. उपग्रहाला जमीनच नसते. अवकाशातले विद्युतभारित कण त्याच्या अंगावर साचत राहतात; ऊन असले तर त्यातला बराच भार निघून जातो, सावलीत नाही.

तो भार मोजणारे उपकरण आमच्या प्रयोगशाळेतल्या सुमतीबाईंनी बनवले होते. एकदा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला आणि आकडे भलतेच चढले. प्रमुख म्हणून मी अहवालात लिहिले, 'उपकरण सदोष.' पुढे कळले, आकडे खरे होते; उपग्रहच भारला गेला होता. मी गप्प राहिलो. बाईंना पुन्हा कधी उपकरण बनवायला मिळाले नाही.

काल त्यांच्या घरी गेलो. कागद पुढे करून म्हणालो, "अहवालाला दुरुस्ती जोडून घेतली आहे. चूक माझी होती."

"ते मला तेव्हाच ठाऊक होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगायला एवढी वर्षं लागली, मग सदोष कोण?"

मी कित्येक वर्षांनी मोकळा हसलो. त्यांनी चष्मा लावून दुरुस्ती वाचली, मग आत हाक मारली, "अहो, बाहेर या जरा. मोठ्याने वाचते, ऐका."