तयार डबा आणि जिन्याखालचा डबा

विकत आणायचं की घरी बनवायचं, हा आमच्या घरातला वाद कूलरपासूनचा आहे. बाजारात हलके, सुबक कूलर मिळत असताना ह्यांनी पत्रा कापून आणला, पंखा बसवला, तिन्ही बाजूंना वाळा ठोकला आणि हॉलच्या खिडकीत एक लोखंडी हत्ती उभा केला. खिडकी तेव्हापासून बंद आहे. हवा मात्र लई गार येते, पण हे मी ह्यांच्यासमोर कबूल करत नाही.

त्यामुळे दिवाळीनंतर आमची जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली, तेव्हा पुढं काय होणार हे मला कळून चुकलं. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ एका जागी ठेवायचे आणि वायफायवरून कुठल्याही मोबाईलवर बघायचे, असा एक डबा मिळतो. मी म्हणाले, तयार मिळतो तो घेऊन टाकू. हे म्हणाले, "अगं, त्यात आहे काय? कंपनीतून जुना कॉम्प्युटर भंगारात निघालाय. त्यात दोन नव्या डिस्क टाकल्या की झालं." पैठण गेटजवळ ह्यांचे एक दुकानदार चाचा आहेत, कॉम्प्युटर जुळवून देणारे. त्यांनीही ह्यांचीच री ओढली. "भाभी, तयार डब्बा नक्को लेव. बिगड्या तो पूरा फेकना पडता. जोड्या हुआ बिगड्या तो एक पुर्जा बदलो, चलने दो."

माझा जीव टांगणीला लागला होता तो एका व्हिडिओसाठी. फोटो गेले असते तर मी चार दिवस रडले असते आणि गप्प बसले असते. पण त्या डिस्कवर साडेचार मिनिटं अशी होती ज्यात माझे सासरे चालतात, बोलतात. ते जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज दुसरा कुठंच नव्हता.

हे घर सासऱ्यांनी शहराबाहेर हर्सूलच्या बाजूला बांधलं तेव्हा आसपास ज्वारीची रानं होती. आता चारी बाजूंना चार-चार मजले उभे आहेत आणि आमच्या अंगणात ऊन फक्त दुपारी येतं. बांधलं तेही दुष्काळाच्या सालात. स्लॅब टाकला, पण तो पक्का व्हायला त्यावर मारायला पाणी नाही. हे तेव्हा कॉलेजात होते. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून लांबच्या विहिरीवरून पंधरा दिवस ह्यांनी पाणी आणलं. ओळखीतला एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक दिवस वर आला आणि उरलेली कॅसेट त्याने आमच्या स्लॅबवर संपवली. ती तशीच ट्रंकेत पडून होती. घरात व्हीसीआर कधी नव्हताच. सासरे गेल्यावर ती सापडली, आणि त्याच चाचांनी ती डिस्कवर उतरवून दिली. तोवर कॅसेटची फीत बुरशीने चिकटायला लागली होती. एकदा चालली आणि तुटली.

त्यात सासरे कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "ह्यो स्लॅब सिमेंटचा नाय, माझ्या पोराच्या सायकलीचा हाय." जन्मभर ज्या माणसाने पोराला तोंडावर कधी शाबास म्हटलं नाही, त्याची ही एवढीच शाबासकी.

तर असा व्हिडिओ टकटक करणाऱ्या डिस्कवर, आणि हे जिन्याखाली पुर्जे मांडून बसलेले. पहिली पाळी करून साडेतीनला घरी येणार, चहा घेणार आणि जिन्याखाली जाणार. मी शाळेतून सहाला येते तेव्हा हे तिथंच. एक स्क्रू, एक वायर, दुसरं काय. "अजून किती दिवस?" विचारलं की, "होत आलंय." संक्रांत गेली, होळी गेली. शिवाय तिथं माझा पाण्याचा ड्रम होता, त्यावरून रोज तणतण. त्या वर्षीही पाऊस रुसलेला, नळाला पाणी आठव्या दिवशी. शेवटी मी माझ्या पगारातून तयार डबा मागवला. हे नेहमीसारखे चहा घेऊन जिन्याखाली गेले, ह्याचाच मला जास्त राग आला.

तो डबा आला त्या शनिवारी माझी शाळा सकाळची होती. दुपारी डिस्कमधलं सगळं त्यात उतरवायला लावलं आणि तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, पाणी आलं. आता पाणी आलं म्हणजे आमच्या बायकांच्या अंगात येतं. मोटर लावली, ती सुरू होताना दिवे मंदावले, तिकडं कोण बघतं. आधी जुनं पाणी झाडांना, फरशीला. भांडं रिकामं करायचं, घासायचं, मग नवं भरायचं. कळशा, पातेली, बादल्या, ड्रम. ओल्या हातानेच आत डोकावले तर नव्या डब्यात सगळ्या फोल्डरांची नावं दिसत होती. म्हटलं, भरलं. त्याच झपाट्यात जुनी डिस्कही रिकामी केली. भंगारात द्यायची होती, तिच्यात घरचे फोटो कशाला ठेवायचे?

पाणी गेलं. हात पुसून निवांत बसले आणि मोबाईलवर तो व्हिडिओ लावला. चालेना. मोटरीच्या झटक्याने काम मध्येच थांबलं होतं. निम्म्या फोल्डरांत नुसती नावं, आत काही नाही. जुन्या डिस्कला पुन्हा हात लावला तर तिने टकटकही केली नाही.

साडेतीनपर्यंत मी त्या भरलेल्या भांड्यांमध्ये बसून होते. हे आले. मी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. वाटलं, आज हे ओरडतील, आणि ओरडावंच.

हे चप्पल काढून जिन्याखाली गेले. ड्रमला खेटून स्टूल ओढलं, तो कळकट कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर स्लॅब आला. सासरे आले, सासऱ्यांचा आवाज आला.

"हे कधी झालं तयार?"

"संक्रांतीलाच. डिस्कवरचं सगळं तेव्हाच ह्यात उतरवून घेतलं."

"मग रोज इथं काय करत होता?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "हेच." मग म्हणाले, "झालं म्हणालो असतो तर तू म्हणाली असतीस, मग आता उठा."

खरंच म्हणाले असते. मी ड्रमच्या झाकणावर बसले आणि म्हटलं, पुन्हा लावा. आजवर मी सासऱ्यांकडेच बघत आले होते. त्या दिवशी मागं बघितलं. सासरे ते वाक्य बोलतात तेव्हा स्लॅबच्या पार दुसऱ्या टोकाला एक हाडकुळा पोरगा पाठ करून कॅन रिकामा करतोय. तो वळत नाही.

"तुम्हाला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं?"

"नाही ना," हे म्हणाले. "बाबा गेल्यावर चाचांच्या दुकानात पहिल्यांदा ऐकलं."

मला रडू आवरलं नाही. हे मात्र हसून म्हणाले की तुझ्या डब्यातही ह्याची एक कॉपी टाकून ठेवू, दोन भांड्यांत असलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी मी ड्रम अंगणात हलवला. जिन्याखाली आता दोन स्टुलं बसतात.