अर्धा पांढरा चौकोन

गौतम नांगरलेल्या रानात पीठ चाळायचा. जोंधळ्याचं, भाकरीचं, चांगलं खायचं पीठ! ऐंशी सालाच्या सुमाराची गोष्ट. बेळगावच्या खासबागेत आम्ही दोघे कॉलेजचे मास्तर एका भाड्याच्या खोलीत राहायचो. मी गणित शिकवायचो, तो भौतिकशास्त्र. रविवारी हा घरमालकीण आक्कांची चाळण घेऊन मागच्या शेतात जायचा आणि ढेकळांवर पीठ पाडत बसायचा. आक्का परसातून ओरडायच्या, "अवो मास्तर, खूळ लागलंय काय? चाळण आणा माझी!"

"आणतो की आक्का, अजून वारं सुटायचं हाय."

पीठ म्हणजे त्याचा बर्फ. जन्मात बर्फ पाहिला होता तो निपाणीच्या गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि पीएच.डी. कशावर, तर हिमावर! पुण्यातले त्याचे मार्गदर्शक साऱ्या पृथ्वीचं हवामान संगणकावर मांडत होते. त्यासाठी जमिनीचे मोठाले चौकोन पाडायचे, एकेक चौकोन बेळगावपासून पार कोल्हापूरच्या पुढं जाईल एवढा. ठरावीक जाडीचा बर्फ साचला की तो चौकोन अख्खा पांढरा धरायचा, नाहीतर अख्खा उघडा. पांढरी जमीन ऊन परत फेकते, उघडी तापते, म्हणून हे ठरवावं लागे.

"अख्खा पांढरा चौकोन असतोय कुठं?" गौतम उसळायचा. "पडताना सगळीकडं पडतोय. जाताना उंचवटे आधी उघडे पडत्यात, खळग्यात ऱ्हातोय. चौकोन अर्धा पांढरा, अर्धा काळा!" आणि वाऱ्यानं माथे उघडे पडलेली ढेकळं दाखवून म्हणायचा, "बघ!" मी काय बघणार, कपाळ?

मार्गदर्शक म्हणाले, प्रबंध आहे तसा द्या, अर्ध्याचं पुढं बघू. टंकलेखनसुद्धा झालं होतं, फक्त याची सही राहिली होती. मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर नोकरी जाणार, हे कॉलेजनं स्पष्ट सांगितलेलं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबून त्याला शिकवणारी आई भेटली की मलाच विचारायची, "सही केली का रं त्यानं?" त्या माउलीला काय सांगायचं? मी याच्यावर खेकसायचो, "लेका, आधी डॉक्टर हो, मग पृथ्वीला चौकोन पाड नाहीतर ठिपके काढ!"

"खोट्या चौकोनावर सही न्हाय करनार," एवढंच उत्तर.

त्यात फेब्रुवारीत मुलांची सहल हिमाचलला निघाली. आम्ही दोघेही बरोबर. मी प्रबंध पिशवीत घालूनच घेतला. म्हटलं, खरा बर्फ बघितला की याचं डोकं ठिकाणावर येईल. वर पोचलो, तर डोंगर, रस्ता, छपरं, सगळं अख्खं पांढरं! मला कोण आनंद झाला! "झालं समाधान? कर सही."

त्यानं ओंजळभर बर्फ उचलून न्याहाळला. "ह्यो पडलेला झाला. मला जातानाचा बघायचाय."

आणि परतीच्या दिवशी हा बसमध्ये चढलाच नाही. मी खिडकीतून ओरडतोय, शिव्या देतोय आणि हा आपला हात हलवतोय!

मार्च गेला, नोकरी गेली. त्याच्या आईसमोर उभं राहायची मला चोरी झाली. मे महिन्यात, येतोय म्हणून आधी कार्ड टाकून, तो निपाणीच्या स्टँडवर उतरला. नाक उन्हानं सोललेलं, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट. मी गेलो होतो भांडायलाच, पण त्याला धडधाकट बघून आधी जिवात जीव आला.

"काय मग? अर्धा पांढरा, अर्धा काळा?"

"व्हय!" त्याचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "पन पिठानं फसवलं रं. माझं समदं गणित वाऱ्यावर, आनि तिथं ऊन ठरवतंय. दक्षिणेकडची अंगं आधी उघडी पडत्यात, मग उंच असू देत न्हायतर खोल."

"म्हणजे प्रबंध?"

"परत लिहायचा."

मी कपाळावर हात मारून घेतला. संतापानं रडूच येत होतं मला. "आता आईला काय सांगू तुझ्या?"

"उशीर हाय म्हन. न्हाय असं म्हनू नको."

वाटेत वह्यांचं दुकान लागलं. हा थांबलाच. कसले कागद हवेत, असं दुकानदारानं विचारलं.

"चौकोनांचे," गौतम म्हणाला.

"बारीक चौकोनांचे द्या हो!" मी ओरडलो.