नानांचं एकच माप

आमच्या नानांसमोर "इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली" एवढं म्हणायची खोटी, की जेवणाची पंगत असो नाहीतर मयताचं घर, नाना उसळलेच म्हणून समजा. "दिली? अरे, दिली काय, दिली! खानदेशचा कापूस बंदरावर न्यायला आणली होती ती. माणसं मागाहून चढली. चोरानं घर लुटायला भिंतीला शिडी लावली, आणि तुम्ही म्हणता, चोर फार भला माणूस, जाताना शिडी ठेवून गेला!" आणि हे व्याख्यान बऱ्याचदा चालायचं कुठे, तर नरडाण्याहून जळगावला येणाऱ्या पॅसेंजरमध्येच, खिडकीची जागा धरून. मी म्हणायचे, "नाना, मग शिडीवरून उतरा आधी." तर म्हणायचे, "का म्हणून उतरू? शिडीचे पैसे माझ्या पणज्याच्या कापसातून वसूल झालेत." पुढच्या स्टेशनपर्यंत अख्ख्या डब्याचा इतिहास शिकून व्हायचा.

नाना म्हणजे माझे थोरले काका. धुळ्यात एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे. आमचं गाव नरडाण्यापासून जवळ, पण गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून मी धुळ्याला नाना-काकूंकडेच वाढले. घरात तेच, वर्गातही तेच, त्यामुळे मला त्यांच्यापासून सुटका अशी नव्हतीच. उंच, काळेसावळे, आवाज असा की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर फळा सोडून दारात येऊन उभे राहत. धोतर सोडून पँट घातली ती निवृत्तीला आल्यावर, तीही काकूंनी रोजची धोतरं लपवून ठेवली म्हणून; सणाला मात्र धोतरच.

त्यांचं एक पालुपद होतं: "माप एकच ठेवा." म्हणजे असं की, घेताना एक शेर आणि देताना दुसरा शेर वापरणारा व्यापारी जसा लबाड, तसाच दुसऱ्यानं देश जिंकला तर लूट आणि आपण जिंकला तर पराक्रम म्हणणारा माणूसही लबाड. एकदा वर्गात अटकेपार झेंडे लावल्याचा धडा चालू होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नानांनीही वाजवल्या. मग म्हणाले, "मला अभिमान आहे. छाती फुगते माझी. पण वाटेत ज्या गावातून आपल्या फौजेनं चौथाई वसूल केली, त्या गावच्या पोरालाही जाऊन विचारा, तुझी छाती फुगते का रे बाबा? माप एकच ठेवा." दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांचे वडील शाळेत भांडायला आले. नानांनी त्यांना बसवून घेतलं, तासभर शिकवलं आणि चहा न पाजता परत पाठवलं. चहा ते पीत नसत. ती साहेबानं लावलेली खोड, असं त्यांचं मत होतं.

या मापानं माझं लग्न मोडता मोडता राहिलं. सासर पाचोऱ्याचं. सुपारी फुटली, पंगत बसली, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, सगळं झकास चाललेलं. इतक्यात माझे होणारे सासरे सहज बोलून गेले, "काही म्हणा, इंग्रजांचं राज्य बरं होतं. शिस्त होती." नानांनी हातातली बट्टी खाली ठेवली. "व्याहीबुवा, उद्यापासून मी तुमच्या घरात येऊन राहतो. अंगण रोज झाडून घेईन, पोरांना वेळेवर उठवीन, शिस्त एक नंबर. फक्त तिजोरीची किल्ली माझ्याकडे. आणि तुम्ही ओट्यावर झोपायचं. बोला, चालेल?" सासऱ्यांचा घास हातात तसाच. मग ते जे हसत सुटले, की डोळ्यांतून पाणी आलं. लग्न ठरल्या तारखेला लागलं आणि पुढे दोघं एकमेकांशिवाय जेवेनासे झाले.

पण मला सांगायचं आहे ते दसऱ्याचं. आमच्या गावात दसऱ्याला सगळं गाव शिवेवर जातं, म्हणजे गावाच्या हद्दीवर. पुढे चालायचा मान भिलाटीतल्या म्हाताऱ्याचा. भिलाटी म्हणजे गावाबाहेर नाल्याकाठची भिलांची वस्ती. शीव नेमकी कुठे, ते त्यानं पाय टेकवून दाखवायचं, मग पाटलानं ओलांडायची. मग आपट्याची पानं, म्हणजे सोनं, लुटायचं. पहिलं सोनं ग्रामदेवाला, दुसरं पाटलाला, मग मानाप्रमाणे खाली खाली, आणि अगदी शेवटी, सगळे परतायला लागले की, शीव दाखवणाऱ्या भिलाला. त्या वेळी तो मान सुकलालकडे होता. माझे आजोबा त्याला सुकल्या म्हणत. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो आणि पाटीलकी त्यांचीच. सोनं लुटण्याआधी आबा झाडाखाली उभं राहून आमच्या घराण्याच्या मूळ पुरुषाची हकीकत सांगत. दर दसऱ्याला तीच, त्याच शब्दांत, आणि सगळं गाव माना डोलवत ऐके.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी माहेरी आले होते. त्या वर्षी आबांचा आवाज बसला होता, म्हणून हकीकत सांगायचं थोरल्या मुलाकडे, म्हणजे नानांकडे आलं. नाना खूश. नवं धोतर, गुलाबी फेटा. वर्गात उभे राहावे तसे उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. पेशवाई बुडाली, साहेबाची पलटण खानदेशात आली. डोंगरातले भील काही केल्या हाती लागेनात. तेव्हा आमच्या मूळ पुरुषानं पलटणीला डोंगरातली वाट दाखवली. भिलांचे नाईक धरले गेले. साहेबानं खूश होऊन शिवेपर्यंतची जमीन आणि पाटीलकी...

आणि नाना थांबले.

लहानपणापासून ऐकलेली हकीकत ती. पण ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या तोंडानं, मास्तरच्या आवाजात सांगणं वेगळं. लोकांना वाटलं, शब्द विसरले. मागून कोणीतरी आठवणही करून दिली. मी समोरच होते. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं, आता माप निघालं, आणि ते आपल्याच घरावर लागणार. खरं सांगते, मला भीती वाटली.

"ज्या साहेबाला मी तीस वर्षं वर्गात शिव्या दिल्या," नाना हळू म्हणाले, "त्याला वाट आपणच दाखवली होती. आणि ज्यांच्या डोंगराची वाट दाखवली, त्यांचाच माणूस अजून आपल्याला शीव दाखवतोय." मग त्यांनी पहिलं सोनं तोडलं, देवाकडे न जाता, आबांकडे न जाता, गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या सुकलालच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. सुकलालनं ती पानं उलटीपालटी करून पाहिली. तो काही भारावला-बिरावला नाही. म्हणाला, "पान ते दिनं, मास्तर. वावरनं काय?"

पान तर दिलंत, शेताचं काय? कोणीतरी त्याच्या अंगावर धावून गेलं. नाना मध्ये उभे राहिले. "बरोबर विचारस तो," एवढंच म्हणाले.

भिलाटी उभी होती ती जमीन आमच्याच घराण्याची. 'उठा' म्हटलं की त्यांनी उठायचं, अशा बोलीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं. वाटणीत तो नाल्याचा तुकडा कोणी घेईना म्हणून नानांच्या वाट्याला आला होता. दिवाळीआधी नानांनी तो सगळा, वरची दोन वावरं धरून, भिलाटीच्या नावावर करून दिला. काकूंना विचारलं, तेव्हा काकू चूल फुंकत म्हणाल्या, "द्या ना. घरात बी तुमचंच भाषण ऐकायचं, त्यापेक्षा एकदाचं करून मोकळे व्हा." माझ्या सासऱ्यांना पाचोऱ्यात हे कळलं तेव्हा म्हणाले, "घरात घुसलेला पाहिला होता. पण किल्ली परत देणारा पहिलाच पाहिला!"

आबांनी मात्र भर अंगणात सांगून टाकलं, "आजपासून तू मना पोऱ्या नही." माझा मुलगा नाहीस. दसऱ्याचा मान काढून माझ्या वडिलांना दिला. नाना दर सणाला गावी येत, आबांच्या पाया पडत, आबा तोंड फिरवून घेत. जगाशी भांडणारा हा माणूस बापापुढे मान खाली घालून उभा राहायचा. रात्री काकूंना म्हणायचा, "एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं." गावात कोणी कौतुकानं "नाना, केवढं दान केलंत!" म्हटलं, की मात्र पूर्वीचे नाना परत येत. "दान स्वतःच्या वस्तूचं करतात. मी परत केलं. शब्द नीट वापरा!"

अशी काही वर्षं गेली. आबा अंथरुणाला खिळले. त्या दसऱ्याला त्यांना शिवेवर जाता आलं नाही, म्हणून गाव सोनं घेऊन घरी येत होतं. ओसरी भरली होती. नाना कोपऱ्यात उभे, नेहमीसारखे. शेवटी सुकलाल आला. तोही थकला होता, काठी टेकत आला, आणि रिवाजाप्रमाणे अंगणात पायरीखाली जमिनीवर बसायला लागला. पाटलाच्या दारात भील खाटेवर बसत नसे.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवली, कोपऱ्याकडे.

"नाना," आबा म्हणाले, "सुकलालले खाट टाकी दे."

सुकल्या नाही, सुकलाल. आणि नाना! इतक्या वर्षांनी बापाच्या तोंडून आपलं नाव. नानांनी आतून खाट उचलून आणली, एकट्यानं, कोणाला हात लावू दिला नाही. ओसरीवर, आबांच्या शेजारी टाकली. धोतराच्या सोग्यानं पुसली. सुकलाल वर आला आणि बसला.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी जळगावच्या पिंप्राळ्यात राहते. दसऱ्याला शेजारीपाजारी सोनं द्यायला येतात आणि मी त्यांना आमच्या घराण्याची हकीकत सांगते. सगळी सांगते, साहेबाला वाट दाखवल्यापासून. लोक विचारतात, असलं कशाला सांगता हो, घराण्याचं नाव खराब होईल. मी म्हणते, थांबा, पुढे खाटेचं यायचंय. आणि खाटेपाशी आले की माझी मान आपोआप ताठ होते.