शिवेवरचं पाणी

शीव म्हणजे गावाची हद्द. लोहाऱ्याच्या तहसीलमध्ये विचाराल तर नकाशावर एक रेघ दाखवतील. आमच्याकडं नवरीच्या गाडीपुढं शिवेवर नारळ फोडतात, आणि भांडण पेटलं की एकमेकांना शिवेबाहेर काढायच्या धमक्या देतात. माझ्यासाठी मात्र शीव म्हणजे ओढ्याकाठची बाभळ. तिच्या पलीकडं माझं माहेर.

माहेर इतकं जवळ असून मला एकटं वाटतं म्हटलं, की बायका हसतात. पण लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमची रीत. मला मूल झालं नाही. घोटभर पाणी न घेता लेकीच्या दारातून उठण्यापेक्षा जायलाच नको, असं आईचं म्हणणं. त्यामुळं लग्न झाल्यापासून ती शिवेच्या अलीकडं आलीच नव्हती. भेटावंसं वाटलं की फोन करायची आणि बाभळीखाली येऊन बसायची. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि स्वतःच्या घरच्या पाण्याची बाटली.

मी चिडायचे. पाण्यावर काय गावाचं नाव लिहिलेलं असतं का, असं विचारायचे. ती शांतपणे म्हणायची, येईन की, बारशालाच येईन. मग ती तिच्या वाटेनं आणि मी माझ्या. घरी मालक अबोल. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो की ताटांचाच काय तो आवाज. आईनं एकदा तरी या घरात येऊन बसावं, एवढंच मला हवं होतं.

मागच्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. आम्ही धपाटे खाल्ले. तिची बाटली भरलेली होती, तरी तिनं माझ्या बाटलीकडं हात केला.

"आन, तुज्या घरचं दे."

मी दिली. ती पोटभर प्यायली आणि पदरानं तोंड पुसलं.

"ग्वाड हाय गं. चल, घर दाव तुजं."

तिचा हात धरून मी तिला घरी आणलं. तिनं खोल्या बघितल्या, चहा घेतला, स्वयंपाकघराचं कौतुक केलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्या पिशवीतल्या भरलेल्या बाटलीकडं जात होती. आता ती महिन्याकाठी येते, जेवूनही जाते.

बारशाला येईन, असं मात्र मला आता कुणीच म्हणत नाही.