हाराचा फोटोवाला

साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत सुमंत शेंडे यांचा स्टुडिओ आहे. पाटीवर 'पोर्ट्रेट' असा झोकदार शब्द आहे, पण त्या शब्दानं त्यांना गावात कुणी ओळखत नाही. गाव त्यांना हाराचा फोटोवाला म्हणतं. तोंडावर नाही म्हणत, तेवढी सभ्यता साताऱ्यात अजून शिल्लक आहे. घरातलं म्हातारं माणूस दवाखान्यातून परत आणलं, 'आता हवं ते खाऊ घाला' असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरातलं कुणीतरी स्वयंपाकघरात हळूच विचारतं, "सुमंतला फोन केला का?"

मग सुमंत येतो. खांद्याला बॅग, हातात थर्माकोलचा पांढरा तुकडा, चेहऱ्यावर खोटं बोलायची पूर्ण तयारी. पेन्शनच्या कागदांना फोटो लागतो, नातीच्या लग्नाच्या अल्बमला लागतो, काहीही. त्याची गाडी कुणाच्या दारात दिसली की शेजारचे लोक आवाज उतरवून बोलायला लागतात. एकदा तो एका मित्राकडे नुसता चहाला गेला, तर मित्राच्या आईनं दार उघडलंच नाही. आतूनच म्हणाली, मला काही झालेलं नाही, पुढच्या घरी बघ.

त्यानं काही हे ठरवून केलं नव्हतं. मूळचा वाईचा. वडिलांची, म्हणजे अण्णांची, इच्छा पोरानं बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी; पोरगं सांगलीला पळालं आणि चित्रकलेच्या कॉलेजात शिरलं. पोटापाण्यासाठी बाजारपेठेतल्या एका स्टुडिओत राहिला. हळदीचे व्यापारी तिथं फोटोला यायचे, नखांत पिवळं घेऊन. माणूस खुर्चीत बसला की चेहरा आत ओढून घेतो, तो परत बाहेर येईपर्यंत बटण दाबायचं नाही, हे मालकानं त्याला तिथं शिकवलं. सुमंतनं ते फारच मनावर घेतलं. एकेका व्यापाऱ्याला तो इतका वेळ बसवून ठेवायचा की खाली अडत्याचे फोन सुरू व्हायचे.

पुढं साताऱ्यात स्वतःचा स्टुडिओ टाकला. लोक खास चेहरा काढून घ्यायला येतील असं त्याला वाटत होतं. लोक पासपोर्ट फोटोला आले, आणि मोबाइल आल्यावर तेही यायचे थांबले. लग्नं घेऊन पाहिली. तिथं ड्रोनवाली पोरं आली होती. महाबळेश्वरच्या कड्यावर नवरीच्या तोंडात स्ट्रॉबेरी धरून फोटो काढायचे दिवस आले होते. नवरीला उचलून घेणाऱ्या एका नवरदेवाला सुमंत म्हणाला, "पोतं उचलल्यासारखा दिसतोयस." ते लग्न हातचं गेलं, आणि त्या नवरदेवाचे नातेवाईक बरेच होते.

अशात अण्णा गेले. आणि तेव्हा ध्यानात आलं, की फोटोग्राफरच्या बापाचा एक धड फोटो घरात नाही. शेवटी एका मावसबहिणीच्या लग्नाच्या पंगतीतले अण्णा कापून काढले. खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो पुसला. सदऱ्यावर कोट चढवला. ओठाला श्रीखंड लागलं होतं, ते काही नीट गेलं नाही. तेराव्याला आलेला प्रत्येक पाहुणा फोटोकडं बघायचा, मग सुमंतकडं बघायचा आणि मान हलवून पानावर बसायचा. बायकोनं, ज्ञानदानं, एवढंच विचारलं, "एकदा सुद्धा बसवलं नाहीस रे त्यांना खुर्चीत?"

त्या दिवसापासून सुमंत जित्या माणसांचे हाराचे फोटो काढू लागला, आणि चांगले काढू लागला, हे कबूल केलं पाहिजे. खिडकीजवळ खुर्ची, समोरून थर्माकोलचा उजेड, मागं साधी चादर. नजर थेट कॅमेऱ्यात हवी, म्हणजे भिंतीवरून घरच्यांकडं बघितल्यासारखी वाटते. खांद्याखाली मोकळी जागा हवी, कारण तिथं हार येणार. ही जागा सोडताना त्याचा हात कधी चुकला नाही. फ्रेमही तोच करून द्यायचा. अर्जुना नावाचा फ्रेमवाला त्याचं सगळं काम बघायचा आणि चंदनाचा हार घालूनच फ्रेम पाठवायचा. गिऱ्हाइकाला धावपळीच्या दिवसांत तेवढीच सोय.

फक्त एक गोष्ट सुमंतला सलत होती. त्याच्या भिंतींवरची सगळी माणसं गंभीर होती. घरच्यांना तशीच हवी असायची. जन्मभर खदखदून हसलेला माणूस भिंतीवर मात्र कोर्टात उभा केल्यासारखा. एक हसरा चेहरा, फक्त एक, कुठल्या तरी बैठकीच्या खोलीत लागावा, दिवसकार्याला आलेल्या लोकांनी तो बघावा आणि आपल्या म्हाताऱ्यांसाठी तसाच मागावा, एवढंच त्याला हवं होतं. बाकी त्यानं सगळं सोडून दिलं होतं.

तो चेहरा त्याला म्हसवडच्या पुढं, माणदेशात सापडला.

फोन नानासोंचा होता. बाप मेंढरं राखत मेला, नानासो मात्र सोनं गाळायच्या धंद्यात तामिळनाडूला जाऊन पैसेवाले झाले आणि गावी येऊन बंगला बांधून बसले. डाळिंबाची बाग, दारात दोन गाड्या. आई सुलाबाई, हृदय थकलेलं. डॉक्टरांनी महिन्या-दोन महिन्यांची बोली केली होती. "तिला कायबी बोलू नगा, सर," नानासो म्हणाले. "नव्या बंगल्यासाठी फोटू काढतोय म्हणून सांगितलंय."

सुलाबाई नवं लुगडं नेसून आधीच खुर्चीत बसली होती. तिचा आजवर एकच फोटो निघालेला, आधार कार्डाचा. "त्यो पोरगा वराडला माझ्यावर, हलू नगा, हलू नगा म्हनून. म्या काय मेंढरू हाय व्हय?" तिनं सुमंतला पाणी दिलं, जेवून जायला सांगितलं, आणि पुन्हा पुन्हा विचारलं, "माझा फोटू एवढा मोठा करनार? खरंच?"

सुमंतनं तिला बोलतं केलं. कोकणात मेंढरं घेऊन जायच्या दिवसांचं विचारलं. ती रंगली. एकदा घाटात एक जंगलखात्याचा गार्ड अडवायला आला, कायदा सांगायला लागला, आणि तिच्या बकऱ्यानं मागनं येऊन त्याला असा काही हाणला, की तो वहीसकट ओढ्यात. "आन् त्यो ओढ्यात हुबा ऱ्हाऊन मलाच म्हनतोय, मावशी, वही झेला!" एवढं सांगून सुलाबाई हसली. उरलेले तीन दात, मिटलेले डोळे, हलणारे खांदे. सगळा चेहरा बाहेर आला होता. सुमंतनं बटण दाबलं.

परत येताना तो गाडीत गात होता. चाळिशी उलटलेला माणूस, ज्याला गाता येत नाही, तो दहिवडीपर्यंत गात होता.

नानासोंनी फोटो मोबाइलवर पाहिला आणि लगेच फोन केला. "आवं सर, ही हसतीया की!"

"हो. सुंदर हसतायत."

"दाताड दिसतंय सगळं. ह्ये भित्तीला लावायचं? दहाव्याला पावनं येत्याल, आमी रडायचं आन् आई वरनं हसनार? कॉम्प्युटरवर तोंड मिटवा की जरा."

ज्या माणसानं मेलेल्या बापाच्या खांद्यावरचा हात पुसला, शेतकऱ्यांना कोट शिवले, विधवांच्या कपाळावर घरच्यांच्या सांगण्यावरून कुंकू लावलं आणि घरच्यांच्याच सांगण्यावरून पुसलं, त्याला एक तोंड मिटवणं काय जड होतं? पण सुमंत नाही म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला ठणकावून नाही म्हणाला. वर त्यानं मोठी प्रत काढली, स्वतःच्या खिशातून, आणि अर्जुनाकडं फ्रेमला दिली. त्याचा बेत साधा होता. फोटो घेऊन थेट सुलाबाईकडं जायचं. तिला आवडला की नानासोंची काय टाप आहे नको म्हणायची? फ्रेम तयार होऊन आली तेव्हा त्यानं ती उघडून पाहिली नाही. पहिल्यांदा तिच्यासमोर उघडायची, अशी त्याची हौस होती.

मधल्या काळात सुलाबाईनं डॉक्टरांना खोटं पाडायला सुरुवात केली होती. भाकरी चुरून खात होती, काठी टेकत मेंढरांच्या वाड्यापर्यंत जाऊन येत होती. फोटूवाला कवा येनार, हे रोज विचारत होती. सुमंतची गाडी दिसली तशी तिनं सुनेला, मायाला, शेजारच्या बायकांकडं पिटाळलं. चार-पाच जणी आल्या. नानासो कपाळाला आठ्या घालून दारात उभे राहिले. सुलाबाई सोफ्यावर मांडी घालून बसली आणि पदर सारखा केला, जणू फोटो परत निघणार होता.

सुमंतनं फ्रेम टेबलावर उभी केली, कागदाची दोरी सोडली आणि कागद एका झटक्यात ओढला.

आत सुलाबाई हसत होती. तीन दात, मिटलेले डोळे. आणि गळ्यात चंदनाचा हार.

शेजारच्या बनुबाईनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या बायकांनी खाली पाहिलं. सुमंतला क्षणभर काही चुकलंय हेच कळलं नाही. इतकी वर्षं त्याची प्रत्येक फ्रेम अशीच उघडत आली होती, आणि समोर बसलेले लोक ती बघून रडत आले होते. मग त्याला हार दिसला; अर्जुनानं तो नेहमीसारखा घालूनच पाठवला होता.

सुलाबाई हाराकडं बघत राहिली. गेल्या महिन्याभरातलं सगळं तिला एकदम उलगडत असावं. न मागता येणारं दूध, लांबून येऊन उगाच पाया पडून जाणारे पाहुणे, तिच्या खोलीपाशी येताच बारीक होणारं पोराचं फोनवरचं बोलणं. ती अडाणी होती, खुळी नव्हती.

"कवा ठरलं?" तिनं नानासोंना विचारलं.



"आवं आत्याबाय," माया पुढं झाली, "हल्ली तसंच असतंय. फ्यान्सी हार हाय त्यो. सगळ्याच फोटूला घालत्यात."

"गप गं." सुलाबाईनं हात पुढं करून हार चाचपला. "न्हाई, म्या म्हनते, मला सांगायचं तरी. म्या काय पळून जानार हुते का?"

सुमंत काहीतरी बोलला. चूक झाली, आजी, माफ करा, दुकानदारानं चुकून घातला. खोटं बोलण्यात मुरलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला एक वाक्य धड जुळवता आलं नाही. सुलाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं मांडी सोडली, पाय खाली घेतले, हात मांडीवर ठेवले. तिचा चेहरा आत गेला. सुमंतनं जन्मभर चेहरे बाहेर यायची वाट बघितली होती. आत जाताना इतक्या जवळून त्यानं कुठलाच पाहिला नव्हता, आणि हा आत पाठवणारा तोच होता.

नानासो आईकडं बघत होते. वाईट माणूस नव्हता तो. आईचं सगळं रीतीनं व्हावं, चारचौघांत तिचं हसं होऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो सुमंतच्या जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, आता घ्या."

"काय?"

"फोटू. आता बरोबर बसलीया. तोंड मिटलंय."

आवाज खालचा होता, पण सगळे जवळच होते. सगळ्यांनी ऐकलं. सुलाबाईनंही ऐकलं.

सुमंत बाहेर गाडीपाशी गेला. किल्ली हातात होती. गाडीत बसून निघून जाता आलं असतं, कुणी अडवलं नसतं, आणि नंतर ज्ञानदाला सांगताना तो म्हणाला की मी निघूनच जाणार होतो. पण त्यानं मागचं दार उघडलं. बॅग काढली, थर्माकोलचा तुकडा काढला. हाराचा फोटोवाला होता तो. गिऱ्हाईक खूश, पोटाचा धंदा, आणि वर दुपारचा उजेड खिडकीतून अगदी हवा तसा येत होता. तेवढंही त्याच्या ध्यानात आलं होतं, याची लाज त्याला फार नंतर वाटली.

सुलाबाई स्वतःच उठून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. मायानं मागं चादर धरली. सुमंतनं वाकून डोळा लावला. खांद्याखाली मोकळी जागा सोडली. नजर थेट कॅमेऱ्यात होती, ओठ मिटलेले, आणि चेहऱ्यावर कुठलाही पाहुणा मान तुकवेल असा भारदस्तपणा होता. काय बोलणार? फोटो उत्तम होता.

"मान वाकडी हाय का रं?" तिनं विचारलं.

"जरा उजवीकडं, आजी."

तिनं मान उजवीकडं केली. बटण दाबल्याचा आवाज झाला. सुमंतनं सवयीनं कॅमेरा फिरवला आणि पडदा तिच्यासमोर धरला.

तिनं तोंड फिरवलं.

"मला कशापायी दावतूस?" सुलाबाई म्हणाली. "ज्यास्नी लावायचाय त्यास्नी दाव."