चार खमिसांची माया

माझ्या थोरल्या भावाच्या चार खमिसांची माया मी कापली. चूक माझी होती, मशीनची नव्हती. वीस-बावीस वर्षं मी सगळ्यांना उलटं सांगत आलो.

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. बाहेरून ते दिसत नाही. अंग भरलं, की शिवण उसवायची आणि आतलं कापड मोकळं करायचं. अमरावतीच्या आमच्या गल्लीत ज्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्यांनाही हा शब्द ठाऊक होता. मलाही होता.

ते दिवस आठवले की मला आधी हवेतला कापूस दिसतो. दूर कुठे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि साऱ्या जगाला एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली. कापसाच्या गाड्या गावाबाहेरपर्यंत उभ्या असत. रुईचे तंतू उडून कौलांवर, बाभळींवर, बैलांच्या पापण्यांवर बसत. विहिरीचं पाणी शेंदलं तरी त्यात एखादा तंतू तरंगायचा. दिवसाउजेडी रस्त्यानं चालताना आपण झोपेत चाललो आहोत असं वाटायचं.

दादा कापूस बाजारात मापारी होता. काटा धरून माल तोलायचा. माणूस धिप्पाड. तो बाजारात शिरला की गाडीवाले ओरडत, "सरका रे, गठाण आली!" दाबून बांधलेल्या कापसाच्या गठ्ठ्याला आमच्याकडे गठाण म्हणतात. खरेदीला आलेल्या एका गोऱ्या साहेबानं मायदेशी परतताना आपले चार खमीस दादाला दिले. पांढरे, बारीक निळ्या रेघेचे. गावात दुसऱ्या कोणाच्या अंगावर ते झग्यासारखे लोंबले असते. दादाला ते मापून शिवल्यासारखे बसले.

मी तेव्हा अकोल्याला एका कापसाच्या पेढीवर कारकून होतो. तिथल्या साहेबाच्या मडमेनं जाताना मागे टाकलेली, हातानं दांडा फिरवायची शिवणाची मशीन मला मिळाली आणि मी तिच्यापायी वेडा झालो. जुनी धोतरं, उशांच्या खोळी, गोणपाट, दिसेल ते शिवत सुटलो. चाक फिरू लागलं की मन कुठल्या कुठे जायचं. भानावर यायचो तेव्हा हातभर शिवण झालेली असायची.

त्या वर्षी आश्विनात दादाला ताप आला. दोन महिने तो उतरला नाही. मी बैलांची दमणी जुंपून अमरावतीला निघालो. वहिनीनं निरोप धाडून मशीन आणायला सांगितलं होतं, म्हणून ती मांडीवर घेऊन तीन दिवस बसलो.

दादा खाटेवर होता. मी त्याला ओळखलं ते आवाजावरून.

"ये लेका," तो म्हणाला. "पाहून घे. रुई गेली, सरकी राहिली."

मला हसता आलं नाही. वहिनी मला बाहेर घेऊन गेली.

"बाजारातले दोघं काल येऊन गेले, भाऊजी. जाता जाता म्हणतात, मापाऱ्याचंच वजन घटलं, आता काटा कोन धरीन? दुसरा मानूस पाहून राहिले ते. हे म्हणतात, मी उद्या-परवा जाऊन बसतो. पन हे खमीस झोळीवानी लोंबते अंगावर. पाहनारे तिथूनच मयताले निघतीन. तुमी अंगाबरोबर करून द्या."

"देतो ना, वयनी."

"कापू नका बरं. आत दाबा. माया राहू द्या. हे भरतीन पुन्हा."

"हो," मी म्हणालो.

दुपारी पडवीत मशीन मांडली. शेजारचे शिंपी चाचा चष्मा सावरत पाहायला आले. चाकाभोवती दोनदा फिरले.

"पळते तं घोड्यावानी, मियाँ. पन थांबाचं कुठं, हे घोड्यानं ठरवाचं का सवारानं?"

आतून दादाही हसला. हसता हसता खोकला आला, तशी वहिनी पाणी घेऊन धावली आणि चाचा निघून गेले.

मग सगळं शांत झालं. मी पहिला खमीस उलटा केला आणि दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत घेऊन शिवू लागलो. दारातून दादा दिसत होता. त्याला डुलकी लागली होती. चाकाची घरघर आणि त्याचा श्वास एकमेकांत मिसळत गेले. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचा एक तंतू कितीतरी वेळ खाली-वर होत राहिला. माझी बायको पोटुशी होती, सातवा महिना. मला ते येणारं मूल दिसू लागलं. पांढऱ्या कपड्यात, निळ्या रेघेच्या. मग खाट दिसली. ती रिकामी होती. मी ते पाहून दचकलो नाही. जे झालेलंच आहे ते पाहावं, तसा पाहत राहिलो.

आणि कात्री चालवली. शिवणीबाहेरचं कापड लांब पट्ट्यांनी खाली पडत गेलं. चारही खमिसांचं. गुंगीत कापलं असं मी मनाला पुष्कळदा सांगितलं आहे. पण पट्ट्यांची घडी घालून ती माझ्या पिशवीच्या तळाशी ठेवली, तेव्हा मी पुरता जागा होतो. पिशवीचं तोंड बांधण्यापूर्वी मी दाराकडे पाहिलंही होतं.

तिसऱ्या दिवशी दादा काठी टेकत बाजारात जाऊन बसला. खमीस अंगाबरोबर होता. लोक म्हणाले, "अरे, मापारी तं तसाच हाये!" त्याची जागा राहिली. वहिनीनं माझी दृष्ट काढली. मी अकोल्याला परतलो आणि कापड बायकोच्या हाती दिलं. दादानं पाठवलं, असं सांगितलं.

फाल्गुनात मुलगा झाला. माझी सासुरवाडी अकोल्यातलीच. बारशाला दादा-वहिनी आले. दादा दमणीतून उतरला. तो पूर्वीसारखाच धिप्पाड झाला होता. अंगातला निळ्या रेघेचा खमीस छातीवर ताणला होता आणि खालच्या गुंड्या लागत नव्हत्या.

"चाचाकडं उसवाले नेले होते," वहिनी हलकेच म्हणाली. "आत काहीच नाई म्हने."

मी म्हणालो, "मशीनले माया चालत नाई, वयनी. शिवन जाड होते."

तेवढ्यात सासूबाईंनी बाळ दादाच्या मांडीवर दिलं. बाळाच्या अंगात पट्ट्या जोडून शिवलेलं झबलं होतं. बाळाला पहिलं कापड थोरल्या माणसाच्या अंगावरचं घालतात, त्या माणसाचं आयुष्य बाळाला लाभतं म्हणून.

"मोठ्या बाबानंच धाडलं हे कापड," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "तुमच्यावानीच आयुष्य लाभो पोराले!"

दादानं निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग आपल्या खमिसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हो," तो सासूबाईंना म्हणाला. "मीच धाडलं."

निघताना मी पाया पडायला वाकलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"येतो. तुमी जपून राहा," तो म्हणाला.

आमच्या घरात रक्ताच्या माणसांत बापालासुद्धा अरे-तुरे होतं. तुमी म्हणायचं ते परक्याला, पाहुण्याला. पुढे आमचं येणं-जाणं राहिलं, सणवार राहिले, लग्नकार्यं राहिली. कापसाचे भाव पडले, साहेब गेले, रेल्वे आली. दादा मला तुमीच म्हणत राहिला. लेका हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

गेल्या पावसाळ्यात मी आजारी पडलो. उठलो तेव्हा अंगावरचा शर्ट खांद्यावरून घसरत होता. तेच झबलं घालून वाढलेला माझा मुलगा तो शर्ट अंगाबरोबर करायला घेऊन गेला. मशीन अजून चालते. मी पडल्या पडल्या चाकाची घरघर ऐकत होतो आणि कात्रीच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. शर्ट हातात आला तेव्हा मी तो उलटा करून पाहिला. आत दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड नीट दाबून ठेवलेलं होतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात रेल्वेनं अमरावतीला गेलो. दादा पडवीत बसला होता. आता तो म्हातारा झाला आहे.

"या. लय वाळले तुमी," तो म्हणाला. "बसा."

मी बसलो नाही. शर्टाची कड उलटून त्याच्या हातात दिली. त्यानं आतलं दाबलेलं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"पोरानं ठेवली," मी म्हणालो. "मशीनले माया चालते, दादा. तवाही चालत होती. मीच कापली. तू काही वाचत नाई, असं मले वाटलं होतं. तू आत झोपला होता, श्वास घेऊन राहिला होता, अन् मी भाईर तुह्या कापडाचं माह्या पोराचं झबलं करून राहिलो होतो. वयनीनं सांगितलं होतं, तू भरशीन म्हनून. तिनं वाट पाहिली, मी नाई पाहिली. चुकलो, दादा. मले माफ कर."